मोरीवरचा देव

आमच्या गावची सव्वीस जानेवारीची ग्रामसभा म्हणजे घरातली कर्ती माणसं परगावी असताना वाटण्या उरकण्यासारखं आहे. निम्मं गाव तेव्हा उसाच्या फडात असतं. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि बागायतदार. रस्त्यांचा वर्षाचा पैसा कुठं घालायचा ते याच सभेत ठरतं.

यंदा पैसा एकाच कामापुरता होता. सरपंच रोहिणीनं ओढ्यावरच्या मोरीचं काम मांडलं. मोरीचे पाइप खचले होते, एका अंगाची दगडी भिंत पाण्यानं ओढून नेली होती. उपसरपंच राधाकिशन अण्णांनी मारुतीच्या देवळापुढं सिमेंटचे गट्टू बसवायचं मांडलं. मोरीवरून जातं कोण, असं त्यांचं म्हणणं. ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या, त्याही दिवाळीनंतर एकदा आणि परत येताना एकदा. देवळापुढून अण्णा रोज जातात. हात वर झाले आणि गट्टू बसले. गट्टू दिसतात झकास, खोटं कशाला बोला.

रोहिणी ऊसतोड कामगाराच्याच घरची. जागा राखीव निघाली म्हणून सरपंच झाली, आणि गाव सोडून चालेना म्हणून फडावर जायची थांबली. तिच्या जागी आता सासू भिवराबाई लेकाबरोबर, म्हणजे रोहिणीच्या नवऱ्याबरोबर, ऊस तोडते. या वयात. म्हणजे मोरीवरून जाणाऱ्या गाडीत रोहिणीचं सगळं घर बसलेलं असतं. हे अण्णांना माहीत नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

पावसाळ्यात मोरी आणखी बसली. रोहिणीनं तालुक्याला खेटे घातले, तिथं पुढच्या आराखड्यात घेऊ म्हणाले. हाताशी उरलेल्या पैशात नुसता मुरूम आला. मुरमानं खड्डा बुजला, म्हणजे वरून बुजला. खाली पोकळच होतं. आधी निदान भगदाड दिसून गाड्या जपून जायच्या. फलक लावावा तर लोखंड रातोरात भंगारात जातं. म्हणून तिनं खचलेल्या अंगाला एक मोठा दगड उभा केला आणि त्याला चुना फासला, लांबून दिसावा आणि लोकांनी ती बाजू टाळावी म्हणून.

आठवडाभरात चुन्यावर शेंदूर चढला. मग लिंबू आलं, मग नारळ. दगडाचा म्हसोबा झाला, आणि जी बाजू टाळायची तिथंच लोक मुद्दाम थांबू लागले. रोहिणीनं दगड हलवायला माणसं बोलावली, तर हात लावायला एकजण तयार होईना. अण्णा हसून म्हणाले, "देवाला हलवू नको पोरी, पुढं इलेक्शन हाय."

दिवाळी झाली. उत्तरेश्वर मुकादमाच्या टोळीचा ट्रॅक्टर सकाळी निघाला, मागं दोन ट्रॉल्या. त्यांत बायाबापडे, लेकरं, शेळ्या, भांडीकुंडी, सरपण. आमच्याकडं टोळी निघाली की गावची शीव ओलांडेपर्यंत गाडीतून खाली उतरत नाहीत, उतरणं अपशकुन. नवा देव झाल्यापासून मात्र मोरीवर गाडी उभी करायची, मुकादमानं वरूनच नारळ फोडायचा आणि पुढं जायचं, अशी रीत गावानं ठरवून टाकली होती. भरलेली गाडी, आणि तीही त्याच बाजूला उभी.

रोहिणी वाटेत आडवी उभी राहिली. "मुकादम, माणसं उतरवा," ती म्हणाली. "गाडी एकटी काढा. माणसं ओढ्यातून चालत येतील."

उत्तरेश्वर चिडला. आगाऊ उचल घेतलेली माणसं, फडावर वेळेत पोचायचं, आणि ही बाई निघतानाच आडवी येते. रामेश्वर, तिचा नवरा, मान खाली घालून बसला. चारचौघांत बायकोनं असं करावं याची त्याला लाज वाटत होती. शेवटी भिवराबाईच ट्रॉलीच्या फाळक्यावरून पाय टाकत उतरली.

"सून म्हणती तर उतरा की समदे," ती म्हणाली. "सरपंच हाय ती."

सगळे उतरले. रोहिणी ओढा उतरून पलीकडच्या काठावर गेली, तिथून मोरीची उघडी बाजू दिसते. ट्रॅक्टर सामान घेऊन हळूहळू निघाला. मधोमध आल्यावर खालून काहीतरी दबल्याचा आवाज आला. पण गाडी पार झाली. रोहिणीला रडूच फुटलं. सुटलो, असं तिला वाटलं.

पण माणसं ओढ्यात उतरली नाहीत. देवानं गाडी पार नेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. शिवेच्या आत पाय जमिनीला लागलेच होते, तर तो अपशकुन देवाच्याच पायाशी फेडायला हवा होता. बाया, लेकरं, म्हातारी, सगळी टोळी मोरीवर चढून त्या दगडाभोवती दाटीनं उभी राहिली. उत्तरेश्वरनं नारळ रामेश्वरच्या हातात दिला, सरपंचाचा मान म्हणून.

"तिथं थांबू नका. पुढं या," रोहिणी ओरडली.

भिवराबाईनं हसून हात केला. "तूच ये की गं. तुझाच देव हाय."

नारळ फुटला. मोरीच्या उघड्या बाजूनं मुरूम ओघळायला लागला, आधी चिमूटभर, मग धार लागल्यासारखा. रोहिणी त्यांच्या दिशेनं हाका मारत धावत सुटली. वर कुणाचा पाय हलला नाही. सगळ्यांनी हात जोडले होते, डोळे मिटले होते.