बायकांचा जिना

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गोल जिना आहे. होतो म्हणा. गोंदियाच्या बाजारामागच्या बोळीत मी कित्येक वर्षं उभा होतो आणि वर कुठेच जात नव्हतो. शेवटच्या पायरीवर पाय ठेवला की पुढे नुसतं आभाळ.

पूर्वी तिथे नाटकघर होतं. इंग्रजांच्या राणीच्या राज्यात इकडे आगगाडी आली, आणि मागोमाग एका मालगुजारानं, म्हणजे इथल्या जमीनदारानं, ते बांधलं. कलकत्त्याला त्यानं तसलं काही पाहिलं होतं, तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. दर्शनी बाजूला कमानी, आत घोड्याच्या नालेसारखी वळलेली बाल्कनी, छताला चुन्याची फुलं. नकाशात कमानींवर पंखवाल्या विलायती बाया होत्या. गवंडी बकारामनं तसल्या बाया कधी पाहिल्या नव्हत्या. त्यानं पंख तसेच घडवले, पण नाकात नथ घातली आणि हातात धानाची लोंबी दिली. मालगुजार आधी चिडला, मग म्हणे रोज त्यांच्याकडे बघत उभा राहायचा.

मी हावड्याच्या कारखान्यात ओतलेला. हातात बांगड्या भराव्यात तशी माझी एकेक पायरी मधल्या खांबात ओवली आणि मला बोळीत, शेजारच्या भिंतीला बोल्टांनी पक्कं केलं. कारण मी बायकांचा जिना होतो. पुरुष समोरच्या दारानं जात. बायकांनी बोळीतून यायचं, माझ्यावरून बाल्कनीत चढायचं आणि बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसून खाली बघायचं. त्यांना कुणी बघायचं नाही. खाली राणीचं काम मिशा भादरलेला पुरुष करी. पडद्याआडून हसू फुटलं की अख्खं नाटकघर मान वर करी. ते हसू माझ्या अंगातून खाली उतरायचं. तेवढं कौतुक मला पुरत होतं.

मग सिनेमे आले, मग तेही घरोघरी गेले. बाल्कनीत कबुतरं राहायला आली. एका उन्हाळ्यात नाटकघर पाडलं. नथवाल्या बाया मलब्यात गेल्या. मी वाचलो तो काही प्रेमापोटी नाही. माझे बोल्ट लक्ष्मीचंद शेठच्या गोदामाच्या भिंतीत रुतलेले. मला ओढलं असतं तर भिंतच आली असती. नाटकघराच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. माझ्या पायरीवर कुणी हेल्मेट ठेवी, कुणी तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंके. चढत मात्र कुणी नसे. जिन्यावर कुणीच न चढणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर शेठनं ती भिंत नवी बांधायला काढली आणि मला कापायला गॅसकटरवाला आला. नेमक्या त्याच दिवशी गोमतीबाई आल्या. त्या दवनीवाड्याकडच्या. नवी नवरी असताना सासूच्या मागून माझ्यावर चढल्या होत्या. बाजारात आल्या की बोळीत डोकावून मला बघून जायच्या.

"काऊन जी शेठ, तोडून राहिले का याले?"

"मावशी, हा कहीं जातच नाही. ठेवून काय करू? भंगारवाला बोलावला आहे."

"मंग मले द्या."

शेठ हसले. "घरावर माडी चढवली काय?"

"माडी कायची जी! आमच्या गावच्या मंचाले पायऱ्याच नाहीत. बांधणारा म्हणे, मंच पास झाला, पायऱ्या पुढच्या साली. पोट्टे उड्या मारून चढतात. माही नात उर्वशी मंडईच्या जत्रेतल्या नाटकात राणी बनते. मागच्या साली तिले दोघांनी बगलेत धरून वर ओढलं, सारा गाव फिदीफिदी हासला. पोरगी म्हणते, आजी, यंदा मी कामच करत नाही."

"चार फुटाच्या मंचाले एवढा जिना?" कटरवाला म्हणाला.

"सारा कोण मांगते? पाच पायऱ्या दे. बाकीचा जाऊ दे भंगारात."

मित्रांनो, मी ऐकत होतो. सारा कोण मांगते!

मग गोमतीबाईंनी लुगडं सावरलं आणि माझा गज धरून हळूहळू पार वरपर्यंत चढल्या. शेवटच्या पायरीवर बसल्या.

"काय दिसते मावशी?" खालून शेठ.

"स्कुटरा दिसतात जी. आणखी काय?"

पण उतरायला त्यांना फार वेळ लागला. शेठनंही घाई केली नाही.

कटरवाल्यानं कटर बाजूला ठेवला, तेल सोडलं, आणि पायऱ्या एकेक करून वर उचलून काढल्या. बांगड्या उतरवाव्यात तशा. बाकीचा मी भंगाराच्या गाडीत गेलो. आता बोलतो आहे तो पाच पायऱ्यांचाच मी, खांबाच्या तुकड्यावर पुन्हा ओवून गोमतीबाईंच्या गावच्या मंचाला लावलेला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडईत नाटक हवंच. मुकुट घातलेली उर्वशी माझ्यापाशी येऊन थबकली.

"आजी, हा हालत तं नाही ना?"

"तुह्या पणजीले नाही पाडलं यानं, तुले काय पाडते! चढ."

उर्वशीनं शालूच्या निऱ्या उचलल्या आणि चढली. घाई नाही, ओढाताण नाही, राणीसारखी. कुणी हसलं नाही. पूर्वी माझ्यावरून वर गेलेली बाई कुणाला दिसत नसे. उर्वशी साऱ्या गावाला दिसली. गोमतीबाई पुढ्यातच बसल्या होत्या, मधे पडदा नव्हता.

मंडई वर्षातून एकदाच. उरलेलं वर्ष मंचावर धान वाळतं आणि बकऱ्या माझ्यावर बसून रवंथ करतात. एकटं वाटतं. माझ्या वितळलेल्या पायऱ्यांचं काय झालं असेल, असं मनात येत राहतं.

मित्रांनो, तुमच्याही गावात जुनं काही नुसतं उभं असेल. त्याला हार घालू नका, त्याच्यापाशी फोटो काढून निघून जाऊ नका. त्याला काम द्या. माझं म्हणाल, तर पावसाळ्याआधी थोडं तेल द्या, आणि येता-जाता चढा. वर आता मंच आहे.