एकाच दिशेनं फिरणारं कडं

फेलिक्स सान्तुची बोटीच्या फळ्यांवर मेला, तेव्हा त्याच्या नाकातोंडातून लाल फेस येत होता आणि मनगटावरचं घड्याळ बिनचूक चालू होतं. ते आमच्या कारखान्यातलं होतं.

तो आणि त्याचा थोरला भाऊ तुसाँ कॉर्सिकाच्या किनाऱ्यावर खोल बुडी मारून पोवळी तोडायचे. साल एकसष्ट. पाण्यात उतरताना घड्याळाच्या काचेभोवतीचं कडं फिरवून त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग खाली किती मिनिटं झाली ते कडं सांगतं. कपारीत शिरताना फेलिक्सचं मनगट खडकावर आपटलं आणि कडं दहा मिनिटं पुढं सरकलं, म्हणजे गेलेला वेळ तेवढा कमी दिसू लागला. अजून वेळ आहे असं समजून तो पोवळी तोडत राहिला. पाठीवरच्या टाकीतली हवा संपली तसा तळापासून सरळ वर सुटला. फुप्फुसं फाटली. भावाच्या मांडीवर तडफडत गेला.

पंधरा दिवसांनी तुसाँ स्वित्झर्लंडमधल्या ज्युराच्या डोंगरात आमच्या गावी आला. सकाळची वेळ, आम्ही बायका बाकांवर कामाला लागलेल्या. मालक ओरेल जोबँ माझ्याजवळ उभे होते. तुसाँनं टोपी काढली, घड्याळ बाकावर ठेवलं.

"हे तू बनवलंस?"

"हो, मीच," मालक म्हणाले. त्यांना वाटलं, दुरुस्तीला आलाय.

तुसाँनं त्यांचा उजवा हात धरून माझ्या बाकावरच्या छोट्या ऐरणीवर दाबला आणि माझी हातोडी उचलली. पहिल्या घावाला मालक ओरडले, तरी त्यानं आणखी दोन घातले. तीन बोटांचा चेंदा झाला. मी दिव्याची लोखंडी बैठक उचलून तुसाँच्या तोंडावर हाणली. त्याचे दोन दात माझ्या स्क्रूंच्या तबकात पडले. मग तो जमिनीवर बसला आणि रक्त थुंकत भावाचं मरण सांगू लागला. पोलीस येईपर्यंत सांगत होता.

त्याला दोन वर्षांची कैद झाली. मालकांची बोटं कापावी लागली. ते डाव्या हातानं चित्रं काढायला शिकले आणि तुरुंगात पत्र पाठवून त्यांनी विचारलं, की कपारीत हात नेमका कुठं आपटतो. उत्तरात चार ओळी आईबहिणीवरून शिव्या होत्या आणि खाली मनगटाचं नीटस चित्र.

कड्याच्या पोटात मी दाते कापले, त्यात पोलादी खटका बसवला. आता कडं फक्त डावीकडं फिरायचं. धक्का लागून सरकलंच, तर झाल्यापेक्षा जास्त वेळ दाखवणार.

सुटल्यावर तुसाँ मालकांना आणि मला बोटीतून त्याच जागी घेऊन गेला. खाली जाऊन त्यानं मनगट मुद्दाम खडकावर आपटलं, पुन्हा पुन्हा. वर आला तेव्हा कातडी सोलून हाड दिसत होतं.

"आता हे खोटं बोललं तरी माणूस जगेल," तो मालकांना म्हणाला.

ते घड्याळ बुडी मारणाऱ्यांमध्ये गाजलं. नंतर श्रीमंतांनी मागितलं म्हणून मालकांनी ते सोन्यात काढलं. जिनिव्हाच्या हॉटेलात समारंभ ठेवला, तुसाँलाही बोलावलं. एका जाड्या गृहस्थानं ते मनगटावर चढवलं आणि हसत विचारलं, "हे घालून कोणी पाण्यात जातं का हो?"

तुसाँनं एका ठोशात त्याचं नाक फोडलं, खाली पाडून छातीवर बसला. चौघांनी ओढला तेव्हा कुठं त्याच्यावरून उठला. मालकांनी त्या गृहस्थाला रुमाल दिला, माफी मागितली आणि तुसाँला धरून मागच्या दारानं बाहेर नेलं. नोकर गालिचा पुसत होते. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून घड्याळं बघत राहिली.