चाचणीतली अंगाई

घरात त्याला सगळे तराजू म्हणत. हे नाव ताईनेच ठेवलं होतं. शाळेत असताना दोन पेनांपैकी कुठलं घ्यावं हे ठरेना, म्हणून तो दुकानदार शटर ओढेपर्यंत काउंटरला चिकटून उभा राहिला होता, त्या संध्याकाळपासून. पुढे नशिबाने त्याला धंदाही असा दिला की हसावं की रडावं कळू नये. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवून काचा बदलतो आणि विचारतो, "ही बरी की ही? पहिली की दुसरी?" समोरचा घुटमळला की याचं ठरलेलं वाक्य असतं, "फार विचार करू नका, पटकन वाटेल ते सांगा." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

गाण्याचं वेड दोघा भावंडांना. ती गायची आणि तो ऐकायचा, एवढाच काय तो फरक. सामान ठेवायची खोली रिकामी करून त्याने तिथे घरच्या घरी स्टुडिओ थाटला होता. भिंतींना जाड गोधड्या टांगल्या, चांगला माइक आणला, माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी आणली. आता फक्त कुठल्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करायचं तेवढं ठरायचं होतं. आणि तेवढं ठरत नव्हतं.

ताईच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हाही ते ठरलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "आवाज राहील," त्या म्हणाल्या, "पण हाच राहील असं मी सांगू शकत नाही." ऑपरेशनची तारीख पडली, तीही ताईची लेक बाळंत व्हायच्या जरा आधीची. ताई रडली नाही. तिने दोन दिवसांत एक अंगाई रचली आणि थेट भावाच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या नातवंडाला कळायला हवं, मी कशी गायचे ते. एवढं एक करून दे."

"करतो की. त्यात काय?"

"मग आत्ताच करू. फोन आहे ना तुझा? लाव तो समोर."

तराजू दुखावला. "फोनवर? मग हा सगळा पसारा कशाला मांडलाय मी? तुझा आवाज काय फोनवर धरायचा आहे? थांब, सॉफ्टवेअर ठरू दे आधी."

ती थांबली. भावावर विश्वास ठेवण्याची तिला लहानपणापासून खोड होती.

मग सुरू झालं त्याचं तोलणं. एक निळ्या चिन्हाचं सॉफ्टवेअर होतं. सगळं काही करायचं, पण गाणाऱ्याचा आवाज त्याच्याच कानात किंचित उशिरा पोचवायचं. एक फुकटचं होतं. ते गरीब बिचारं मन लावून काम करायचं आणि मध्येच मान टाकायचं. आणि एक करडं होतं. त्यातला आवाज असा यायचा की माणूस शेजारी बसून गातंय. त्याची फक्त चाचणी आवृत्ती त्याने उतरवली होती. तिच्यात दोन खोड्या होत्या: अर्ध्या तासाने ती आपली आपण बंद व्हायची, आणि केलेलं काम जतन करू द्यायची नाही. म्हणून पहिल्याच दिवशी त्याने करड्यावर काट मारली. तरी काढून मात्र टाकलं नाही. विकत घ्यावं तर नवी आवृत्ती येणार असं कुणीतरी लिहिलं होतं, न घ्यावं तर आवाज सोडवत नव्हता. एक ना धड, भाराभर चिंध्या. बघता बघता ताईचा आवाज वरच्या पट्टीत फाटायला लागला, डॉक्टरीणबाईंनी तिला बोलणं बंद करायला सांगितलं, आणि ऑपरेशन उद्यावर आलं.

त्या दुपारी ती आली. संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. दाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, गाडी खालीच उभी ठेवली होती. आठवडाभराच्या मौनाने आवाज जरा निवळला होता आणि डॉक्टरीणबाईंनी एकदाच गायची परवानगी दिली होती. एकदाच, असं त्यांनी बोट वर करून सांगितलं होतं. ताईने तेच बोट तराजूला दाखवलं आणि ती माइकसमोर बसली.

त्याने निळं उघडलं. तिने हेडफोन लावून नुसतं एकदा गुणगुणलं आणि कपाळाला आठी घातली. स्वतःचा आवाज मागून येतोय, अशी तिने हातानेच खूण केली. त्याने फुकटचं उघडलं, ते उघडता उघडताच मेलं. खाली दाजींनी हॉर्न दिला. आणि तराजूने, दोन महिने जो माणूस तोलत बसला होता त्याने, क्षणाचाही विचार न करता करडं उघडलं. ताईने गुणगुणून पाहिलं. तिचा चेहरा उजळला. हे बरं, अशी तिने मान हलवली.

तो खुळा या मान हलवण्यावर इतका खूश झाला की बाकी सगळं विसरला. माइकची उंची बदल, ओढणीची सळसळ ऐक, खिडकी पुन्हा नीट लाव, यात वेळ गेला. मग लाल टिंब पेटलं आणि ताई गायला लागली.

*निजली गं खिडकी, निजलं गं दार,*
*बाळाच्या डोळ्यांत अजून दुपार...*

असं ती गेल्या कित्येक वर्षांत गायली नव्हती. आवाज कुठे अडखळला नाही. एका ठिकाणी थोडा खरखरला, पण तिने त्या खरखरीलाच कुशीत घेतल्यासारखं पुढे नेलं. तराजूच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा सूर विरला आणि ताईच्या तोंडून मौन विसरून निघून गेलं, "जमलं का रे?"

त्याने घाईने ओठांवर बोट ठेवलं. सुराच्या शेपटाला शांतता हवी, हा त्याचा नियम. ती ओशाळून हसली. त्याने लाल टिंब विझवलं आणि जतन करायचं बटण दाबलं.

पडद्यावर पाटी आली. ही सोय चाचणी आवृत्तीत उपलब्ध नाही.

त्याने पुन्हा दाबलं. पाटीही पुन्हा आली. आता कुठे त्याची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे उलटे आकडे धावत होते. अकरा मिनिटं उरली होती.

ज्या खोडीसाठी पहिल्या दिवशी काट मारली होती, त्याच खोडीत तो डोळे उघडे ठेवून पडला होता. आणि दिवसभर लोकांचे डोळे तपासतो हा माणूस!

ताईने भुवया उंचावून विचारलं, काय झालं? आधी विकत घेऊन टाकू, असं त्याने ठरवलं. कार्डाचे आकडे दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर पडले, परवान्याची किल्ली आली. त्याने ती डकवली. नवी पाटी आली: सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. बंद केलं की गाणं गेलं. त्याने लॅपटॉपचे कप्पे धुंडाळले. गाण्याचा तुकडा एका कप्प्यात सापडला, पण तो करड्याच्याच कुलपात होता, दुसरं कुणी उघडू शकत नव्हतं. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि तीही खडकात.

सात मिनिटं.

"ताई," तो म्हणाला. आवाज त्याचाच बसला होता. "गाणं यात आहे, पण ते बाहेर काढता येत नाहीये. थोड्या वेळात हे बंद होईल आणि सगळं पुसलं जाईल. माझी चूक आहे. मला माहीत होतं, तरी..." मग अगदी हळू, लाज सोडून त्याने विचारलं, "परत एकदा... होईल?"

ताईने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने गळ्याला हात लावला, पुन्हा प्रयत्न केला, एक फाटका हुंकार निघाला आणि तिचे डोळे वेदनेने मिटले. जे होतं ते तिने त्या एका गाण्यात ओतलं होतं. खालून पुन्हा हॉर्न वाजला.

तिने भावाकडे पाहिलं. इतक्या रागाने तिने त्याच्याकडे आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि तिला ओरडताही येत नव्हतं, हे त्याला जास्त लागलं.

"थांब, थांब, मार्ग आहे," तो घाईघाईने बोलायला लागला. "हेडफोनच्या भोकातून वायर काढून दुसऱ्या यंत्रात घेता येईल. तशी वायर नाहीये माझ्याकडे, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. पळत गेलो तर... पण त्याने दुकान उघडलं नसेल तर? नाहीतर इथेच दुसरं सॉफ्टवेअर चालू करून त्यात घ्यावं. पण दोन्ही एकदम चालवली की हा लॅपटॉप गोठतो. तसा कधी कधी नाहीही गोठत. वायरने आवाज स्वच्छ येईल. पण दुकान..."

सहा मिनिटं. गाणं चार मिनिटांचं होतं. पठ्ठ्या तोलतच होता.

ताई उठली. तिने त्याच्या डोक्यात एक टपली हाणली, लहानपणी हाणायची तशीच, कचकचीत. त्याच्या खिशातून फोन ओढून काढला, त्याच्याच अंगठ्याने उघडला. हेडफोनची वायर उपटली आणि फोन टेबलावरच्या स्पीकरसमोर, पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला. मग लॅपटॉपकडे बोट दाखवलं. लाव.

"फोनवर?" त्याच्या तोंडून गेलंच. "पण ताई, दर्जा..."

तिने दुसऱ्या टपलीसाठी हात उचलला. दगडापेक्षा वीट मऊ. त्याने फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गाणं लावलं.

आता हलायचं नव्हतं. दोघं गोधड्यांच्या त्या खोलीत श्वास धरून उभी राहिली. *निजली गं खिडकी.* कोपऱ्यातले आकडे पळत होते आणि गाणं आपल्या चालीने चाललं होतं, अंगाईला कसली घाई असणार? ते लवकर संपावं असंही त्याला वाटत होतं आणि कधीच संपू नये असंही. मधल्या कडव्यात खालून हॉर्न वाजला. ताईने डोळे घट्ट मिटले. झालं, हॉर्न गाण्यात शिरला, आता तो कायमचा. खरखरणारी जागा आली आणि गेली. ताईने त्याचं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. उद्या या बाईच्या गळ्यातून काय निघेल कुणास ठाऊक, आणि तिला साधी हाक मारायला सांगायचं राहिलं, नुसती 'तराजू' अशी, हे त्याला तेव्हा सुचलं.

शेवटचा सूर विरला. स्पीकरमधून ताई म्हणाली, "जमलं का रे?"

तो फोन विसरला, शांततेचा नियम विसरला.

"जमलं, ताई," तो म्हणाला. आणि मग रडत, "जमलं गं, खूप छान जमलं."

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. जरा वेळाने करडं मुकाट्याने बंद झालं आणि पडदा कोरा झाला. फोन पेल्याला टेकून अजून ऐकत होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज आला, पण तो नव्हताच. खालचा, जाडाभरडा, सर्दी झालेल्या पुरुषासारखा. पहिल्यांदा फोनवर ती बोलली तेव्हा तराजूने विचारलं, "कोण बोलतंय?" आणि लगेच जीभ चावली. नंतर कितीतरी दिवस ताई फक्त मान हलवून बोलायची. गाणं लांबच.

भाचीला मुलगी झाली. बारशाआधीच आजीची अंगाई पाळण्यापाशी पोचली होती. तराजूने करडं आता रीतसर घेतलं होतं. त्यात हॉर्न काढता आला असता, शेवटचं आपलं रडणंही कापता आलं असतं. त्याने भाचीला फोन केला, "साफ करून देऊ का?"

"मामा, हात लावू नकोस," भाची म्हणाली. "गाणं संपलं तरी ही टक्क जागी असते. तुझं 'जमलं' ऐकलं की मगच डोळे मिटते."

एका दुपारी सगळे तिच्याकडे जमले होते. बाळ ताईच्या मांडीवर होतं. ताई तिला थोपटत होती, पण तोंडाने गप्पच. भाचीने फोनवर अंगाई लावली. खिडकी निजली, दार निजलं, हॉर्न वाजला तेव्हा दाजी कानकोंडे झाले. सूर विरला आणि फोनमधून तो जुना, स्वच्छ आवाज आला, "जमलं का रे?"

तराजूचं उत्तर यायला एका श्वासाचा अवकाश होता. त्या अवकाशात ताई बाळावर वाकली आणि आपल्या नव्या, जाड्याभरड्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाली, "जमलं."

बाळाने डोळे मिटले. मागून फोनमध्ये तराजू रडत होता, पण त्याची गरज उरली नव्हती.