पातीखालची शेंग

शनिवार पेठेतल्या त्या छापखान्यात सकाळपासून कागद कापायच्या मशीनखाली शेवग्याच्या शेंगा सरकवणं चाललं होतं. शेंग बोटाएवढी जाड असते, एवढीच तिची पात्रता. पातीसमोर नव्यानं बसवलेला प्रकाशकिरणांचा पडदा ओलांडून ती आत गेली की खाली येणारी पाती जागच्या जागी थांबायला हवी. चारशे वेळा थांबली. पुढच्या शेंगेचे सरळ दोन तुकडे झाले.

श्रीधरसर म्हणाले, चारशेत एक म्हणजे उत्तमच. पडदा बसवणारी कंपनी त्यांची होती आणि बोटं ज्ञानदेवची, त्यामुळे त्यांना तसं वाटणं सोपं होतं. ज्ञानदेव एकवीस वर्षं या मशीनवर कागद कापत होता. उद्यापासून तो या पडद्याच्या भरवशावर हात घालणार होता. दिवसाला पाती हजारदा खाली येते. सरांच्या कंपनीतल्या इंजिनिअर मैत्रीला हे उत्तम वाटेना.

कारण पडद्याच्या वायरी जिथे येतात ते कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, तिनं बसवला होता. २००३ साली लिनक्सवरचे असे ड्रायव्हर इंटरनेटवर फुकट मिळायचे, आणि कुणीही उघडून दुरुस्त करावेत असे असायचे. मैत्रीनं तो बसवला होता; उघडून वाचायचं मात्र राहून गेलं होतं. कार्ड संगणकाला हाक मारतं, हातातलं टाक आणि आधी इकडे बघ. हाच इंटरप्ट. ही हाक मध्येच कुठे जिरते, ते तिला संध्याकाळच्या आत शोधायचं होतं.

सरांनी आधी वायरवर संशय घेतला, मग कार्डावर, मग शेंगेवर. मैत्रीनं प्रत्येक हाकेची नोंद व्हावी म्हणून ड्रायव्हरमध्ये चार ओळी घातल्या. आता तर विसात एक शेंग कापली जायला लागली. सर वैतागले, पण मैत्री ताठ बसली. नोंदीमुळे ड्रायव्हरला वेळ जास्त लागत होता, आणि वेळ वाढला की चूकही वाढत होती.

मग तिनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पाती हलली की तिचीही हाक याच कार्डावरून यायची. ड्रायव्हर आलेली हाक वाचायचा, तिचं काम उरकायचा आणि शेवटी कार्डावरची हाकांची पाटी पुसायचा. त्या मधल्या क्षणी पडद्याची हाक आली, तर तीही त्यातच पुसली जायची. मैत्रीनं पुसण्याची ओळ कामाच्या आधी आणली. वाचलेलं तेवढंच पुसायचं, मग काम. नोंदीच्या ओळी काढून टाकल्या.

चारपर्यंत बाराशे वेळा पाती पडली. एकही शेंग कापली गेली नाही. सरांनी हात चोळले आणि काम पूर्ण झाल्याची कागदपत्रं सहीला काढली.

ज्ञानदेव जवळ आला. टोमणा मारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

"ताई, तुमी घालाल का तुमचा हात?"

मैत्रीनं हात पुढे केला. पडद्यापासून वीतभर अलीकडे तो आपोआप थांबला. तिनं जोर केला, तरी पुढे जाईना. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नाही घालणार," ती म्हणाली. मग सरांकडे वळून सांगितलं की पडद्याची वायर सरळ मोटरच्या स्विचला जोडायची, मध्ये संगणक नको. ड्रायव्हर फक्त कागद मोजेल. तोवर मशीन बंद.

"मग तीन आठवडे तुम्ही इथे केलंत काय?" सरांनी विचारलं.

"चूक शोधली, सर. पण आणखी एखादी असेल, तर ती ज्ञानदेवच्या बोटांनी शोधायची नाही."

ज्ञानदेवनं मेन स्विच बंद केला आणि तो छापखान्याच्या मालकांना बोलवायला गेला.