बावीस मुलींचा अर्ज

मी एक अर्ज बोलतोय. सहा पानांचा, निळ्या बॉलपेनने लिहिलेला, डाव्या कोपऱ्यात टाचणी टोचलेला. माझ्या जातीचे बहुतेक जण शेवटी रद्दीत जातात. मी वाचलो.

माझा जन्म छत्तीसगडात, उतईजवळच्या एका खेड्यात, सिंधुताईंच्या ओसरीवर झाला. सिंधुताई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा केवलराम भिलाईच्या पोलाद प्लांटमधून रिटायर झाला आणि दोघं या गावात घर बांधून राहिली. गावात मोठं तळं. तिथे मुलगे म्हशींच्या पाठीवरून उड्या मारत आपोआप पोहायला शिकतात. मुली त्याच तळ्यावर रोज धुणी-भांडी करतात, पण त्यांना पाण्यात कुणी उतरू देत नाही. लहानपणी वैनगंगेत पोहलेल्या सिंधुताईंना हे बघवेना. मुलींच्या पोटाला वाळके भोपळे बांधून त्या उन्हाळ्यात रोज सकाळी त्यांना पोहायला शिकवू लागल्या. दोर जुना झाला होता, तरंगत्या कड्या हव्या होत्या, आणि हाताशी आणखी दोन बाया. म्हणून त्यांनी मला लिहिलं.

भिलाईच्या सेक्टर दहामध्ये काही कुटुंबांनी मिळून एक निधी चालवलाय. दरमहा प्रत्येक घरातून थोडं थोडं जमतं आणि वर्षातून एकदा आसपासच्या संस्थांची तीन कामं निवडून त्यांना दिलं जातं. यंदा आम्ही एकोणीस अर्ज होतो. गरज किती, माणसं किती, काम टिकेल का, धोका किती, असे चार रकाने आणि प्रत्येकाला दहापैकी गुण; धोका जितका कमी, तितके गुण जास्त. मला इतके कमी मिळाले की मी सरळ ‘नाही’च्या गठ्ठ्यात गेलो.

निधीच्या समितीतल्या कमलिनीताईंनी मला तिथून उचललं. ऑफिसात कारकून म्हणून आयुष्य काढलेली बाई. अक्षर कसंही असो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. समितीचे प्रमुख देवरावजी. त्यांनी तीस वर्षं प्लांटच्या सेफ्टी विभागात काढली होती.

“लाभार्थी बावीस?” देवरावजी म्हणाले. “हा दुसरा पाहा, अडीच हजार लिहितो.”

“त्या अडीच हजारांपैकी एकाचं तरी नाव आहे का त्यात?” कमलिनीताईंनी माझं शेवटचं पान पुढे सरकवलं. “हिनं बावीसच्या बावीस नावं दिली. वय, पारा म्हणजे गावातली वस्ती, बापाचं नाव, सगळं.”

“ते ठीक आहे हो. पण पाण्याचं काम आहे. उद्या एखादी पोरगी बुडाली तर? पैसा आपला, नाव आपलं.”

“आणि न शिकता बुडाली तर नाव कोणाचं?”

शेवटी देवरावजींनी चष्मा काढला. “चला, पाहून येऊ. पण मी नाहीच म्हणणार आहे, आधीच सांगून ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कमलिनीताईंच्या स्कूटरवर आम्ही निघालो. देवरावजी मागे, मी पिशवीत. घाटाच्या पायरीवर बसून देवरावजींनी मला मांडीवर घेतलं आणि माझ्या समासात एकेक उणीव टिपायला सुरुवात केली. दोर झिजलेला. लाइफ जॅकेट नाही. डॉक्टर लांब.

थोड्या थोड्या वेळानं सिंधुताई शिट्टी फुंकायच्या आणि मुली आपापला नंबर ओरडायच्या. चौथ्या वेळी सोळा झाला, आणि मग कुणीच बोललं नाही. सतरा नंबर आलाच नाही.

सिंधुताईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. “सब बाहर! दोर धरा!” बघता बघता मुली पायऱ्यांवर आल्या, मोठ्या चौघी दोराला धरून साखळी करून उथळ पाणी चाचपू लागल्या आणि सिंधुताई स्वतः खोल बाजूला गेल्या. देवरावजी उठले. मी त्यांच्या मांडीवरून खाली पडलो, ते त्यांना कळलंही नाही. बुटांसकट ते गुडघाभर पाण्यात गेले होते.

तेवढ्यात घाटावरच्या देवळामागून एक ओली पोरगी सलवार आवळत आली. भूमिका, वय नऊ. “दादी, नाडा टूट गया था.”

सिंधुताई पाण्यातून येऊन पायरीवर मटकन बसल्या. पोरीला छातीशी धरलं, मग पाठीत हलकी चापट दिली. “सांगून जाय ना वं माय! जीव घेतं का माहा?” सगळ्या मुली हसू लागल्या. देवरावजींनी कपाळाचा घाम पुसला आणि सवयीनं घड्याळ पाहिलं.

“एका मिनिटात पाणी रिकामं,” ते कमलिनीताईंना हळूच म्हणाले. “एवढी चोख मोजणी मी कमीच पाहिली आहे.”

चहा पिताना कमलिनीताईंनी विचारलं, “ताई, हे काम कशामुळे सुरू केलं? अर्जात नाही लिहिलं तुम्ही.”

सिंधुताईंनी कप खाली ठेवला. “माह्या बहिणीची पोरगी होती, हिरा. बारा वर्षांची. भांडे घासता घासता दुधाचा गंज पाण्यात गेला. तो धराले गेली.”

“मग हे कावून नाही लिहिलं?” देवरावजींनी विचारलं. घरची बोली त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली मी.

“तिच्या नावानं मागाले मले जमलं नाही साहेब. पोरी शिकाव्या म्हणून मागितलं.”

रविवारी समिती बसली. धोक्याच्या रकान्यात मला दोन गुण होते. देवरावजींनी ते खोडून आठ लिहिले. “धोका तळ्याचा आहे, तो आधीपासूनच आहे,” ते म्हणाले. “ही बाई तो कमी करून राहिली.” नवा दोर आणि कड्या आल्याशिवाय वर्ग भरायचा नाही, अशी अटही घातली. मी तिसरा आलो. माझ्या शेजारचा अर्ज एका गुणानं हुकला. अंध मुलांसाठी गाण्याच्या वर्गाचा होता, चांगला होता. कमलिनीताईंनी त्या संस्थेला स्वतः फोन करून कारण सांगितलं. त्याचं वाईट वाटलं, तरी खोटं कशाला बोलू, माझ्या टाचणीवरचा ताण सुटला होता.

मे महिन्यात देवरावजी पाहणीला गेले, तेव्हा मी पिशवीत होतोच. दोर नवा, कड्या लाल, बाया दोन. सगळं तपासून ते घुटमळले. मग सिंधुताईंना म्हणाले, “ताई, मोठ्या माणसाले शिकवता का? मले पोहणं येत नाही.”

सिंधुताईंनी एकही प्रश्न न विचारता भोपळे पुढे केले.

आता मी सेक्टर दहाच्या कपाटात असतो. माझ्यामागे पाहणीचा अहवाल जोडलाय. त्यावर देवरावजींची सही ओल्या बोटांनी केलेली, शाई पार पसरलेली. आमच्यासारखे अर्ज लिहिणाऱ्यांनो, खरा आकडा लिहायला लाजू नका. आणि वाचणाऱ्यांनो, ‘नाही’च्या गठ्ठ्यावर हात ठेवण्याआधी एकदा स्कूटर काढा. पाहून आल्यावर खुशाल नाही म्हणा.