जेवणा हात

सिंदी मेघेतल्या त्या गेमिंग कॅफेत डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी अंकिताच्या तळहाताला घाम सुटला होता. माउस डाव्या हातात, पोरगी डावखुरी. पुलगावच्या जोडीशी एक-एक अशी बरोबरी झालेली, आता शेवटचा डाव. जिंकलं तर नागपूरची फायनल. हरलं तर माउस माळ्यावर आणि अंकिता स्पर्धा परीक्षेच्या क्लासला, असं आईनं घरून निघतानाच बजावलं होतं. ती जयाबाई मागंच खुर्ची टाकून बसलेली. आणि जयाबाईचा शब्द म्हणजे शब्द, बाप्पा!

मागचा डाव गेला तो नेम चुकल्यामुळं नाही. समोर डोकं दिसायचा अवकाश, पापणी लवायच्या आत अंकिताची गोळी सुटायची. घोळ झाला तो शब्दाचा. तिचा जोडीदार, बाजूच्याच खुर्चीतला गिरडचा मावसभाऊ रजत, हेडफोनमधून ओरडला, "जेवण्या हाताले!" अंकिता गर्रकन डावीकडे वळली आणि उजवीकडून गोळी बसली.

"जेवणा हात म्हणजे उजवा! साऱ्या जगाले माहीत हाय," रजत भडकला.

"मी डाव्यानं जेवतो ना बे!"

"काऊन जेवतं पण डाव्यानं? लहानपणापासून सांगून राह्यली मी," मागून जयाबाई.

अंकिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लहानपणभर ताटावर बसलं की याच हातावर चापट. आई उठली की घास पुन्हा याच हातात.

डाव सुरू झाला. पुलगावचा एक गडी पडला, पाठोपाठ रजतही पडला. उरले एकास एक. अंकिता गोदामाच्या दारात, पुढं नुसता धूर. शत्रू कुठं लपला ते फक्त रजतनं पाहिलेलं, मरता मरता. पावलं वाजली. कुठून, कळेना. बोल ना रे मेल्या!

"जेवण्या..." रजत ओरडला आणि अडखळला.

कोणाच्या जेवण्या? याच्या, की माझ्या?

"तुया! तुया जेवण्या हाताले!"

हात डावीकडे गेलासुद्धा. धुरात हेल्मेटची कड दिसली न दिसली तोच गोळी सुटली, आणि पुलगावचा दुसराही पडला.

कॅफेत एकच गिल्ला झाला. रजत टेबलावर चढून नाचला. अंकिताला मात्र मागं वळून बघायची हिंमत होईना.

बाहेर टपरीवर जयाबाईनं तर्रीपोह्याची प्लेट आणून दिली. सवयीनं चमचा लेकीच्या उजव्या हाताशी नेला आणि थांबली. मग तिनं तो डाव्या हातात ठेवला.

"घे," ती म्हणाली. "नागपूरले जाशीन तवाबी याच हातानं जेवजो."