यादी तयार आहे

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला काय काय करायचे ते सांगणारा मजकूर. मला हाडे नाहीत, तारा नाहीत. चाळीसएक ओळी एवढाच माझा देह. एका लहानशा दवाखान्यात जिन्याखाली संगणक ठेवला आहे, त्यात मी राहते. तुम्ही मला कधी पाहिले नसेल. पाहायला आलात, तरी तुमच्या नजरेला नजर देण्याची आज माझी हिंमत नाही.

या दवाखान्यातल्या नर्सबाई रोज सकाळी घरोघर जाऊन आजारी माणसांना इंजेक्शने देतात, जखमा बांधतात. कोणाकडे कधी जायचे हे पूर्वी त्यांना तोंडपाठ असे. पुढे माणसे वाढली, गोंधळ होऊ लागला, तेव्हा त्यांच्या धाकट्या दिराने एका रविवारी दुपारी बसून मला लिहिले. शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर डेटाबेस आहे. सगळ्या रुग्णांची माहिती तिथे नीट रचून ठेवलेली असते. बाईंनी पडद्यावरचे बटण दाबले, की मी डेटाबेसला विचारायचे, आज कोणाकोणाकडे जायचे? तो आडनावांच्या क्रमाने एकेक नाव सांगणार आणि मी ते एका साध्या फाइलमध्ये उतरवून घेणार. कालची फाइल आधी कोरी करायची, आजची नावे लिहायची आणि शेवटी पडद्यावर म्हणायचे, ‘यादी तयार आहे.’ बाई ती छापून घेत, पर्समध्ये टाकत आणि स्कूटर काढत.

सुरुवातीला काही अडले, की मी लाल अक्षरांत ओरडत असे. बाई दचकत.

“भावजी, ते लाल काहीतरी आलं की माझ्या पोटात गोळाच येतो. वाटतं, मीच काहीतरी मोडून ठेवलं.”

“काही मोडत नाही हो वहिनी. पुन्हा बटण दाबायचं, येते यादी.”

“मग दाखवायचं तरी कशाला? बंद करून टाका ना ते!”

दिराचा वहिनीवर जीव. त्याने मायेपोटी माझे तोंड बांधले. तेव्हापासून काहीही अडले तरी मी आवंढा गिळायचे आणि सरळ शेवटच्या ओळीवर जाऊन म्हणायचे, ‘यादी तयार आहे.’ बाई निर्धास्त झाल्या. “आमची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,” असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते ऐकून मी फुलून जात असे. खोटे कशाला बोलू, कौतुक मला फार आवडायचे.

एके दिवशी शेजारच्या खोलीला रंग द्यायला माणसे आली. त्यांनी सकाळीच कपाट सरकवले. त्याचा पाय नेमका दोन संगणकांना जोडणाऱ्या तारेवर आला, आणि तोही मी नावे उतरवून घेत असताना. डेटाबेसचा आवाज मध्येच तुटला. ‘संपले’ असे तो म्हणाला नव्हता. मला ते कळले होते, मित्रांनो. तरीही मी सवयीप्रमाणे म्हटले, ‘यादी तयार आहे.’

आता एक शिंपीकाका होते. मधुमेह जुना, हात थरथरणारे, त्यामुळे स्वतःला सुई टोचून घेणे त्यांना जमत नसे. बाई रोज सकाळी त्यांच्याकडे जात. काकांचे आडनाव ‘ह’चे, म्हणून माझ्या यादीत ते कायम तळाशी. अधूनमधून मुलगी त्यांना आपल्या घरी न्यायची, तेव्हा त्यांचे नाव येत नसे. त्या दिवशी यादी पाहून बाईंना वाटले, काका लेकीकडे गेले असतील. बाकीचीही चारदोन नावे सुटली होती, पण त्यांच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी बदलल्या तरी चालण्यासारखे होते. काकांचे तसे नव्हते.

संध्याकाळी बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. डोक्यावरचे हेल्मेटसुद्धा काढायचे त्यांच्या ध्यानात नव्हते. दीर शेजारी उभा होता.

“बाही वर करून खिडकीत बसले होते हो, भावजी. दुपार झाली तरी पोटात अन्नाचा कण नाही. मीच बजावलं होतं ना, इंजेक्शन झाल्याशिवाय खायचं नाही म्हणून!”

“फोन करायचा की त्यांनी.”

“शेजारीण म्हणाली होती, लावू का फोन? तर म्हणाले, बाई येतील. त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत.” बाईंनी पर्समधली छापील यादी काढून टेबलावर ठेवली. “भोवळ येऊन पडले. उजवं मनगट मोडलंय. जन्मभर ज्या हातानं शिवलं, तोच हात.”

काका वाचले, हे नशीब. पण त्या संध्याकाळचे बोलणे माझ्या अजून कानात आहे. बाई म्हणाल्या, चूक माझी, मीच ती लाल अक्षरं बंद करायला लावली. दीर म्हणाला, चूक माझी, मी लिहिली स्क्रिप्ट. मला मात्र कोणी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

दिराने मला दुरुस्त केले. आता मी नावे आधी वेगळ्या कच्च्या फाइलमध्ये उतरवते. डेटाबेसने सांगितलेला एकूण नावांचा आकडा आणि मी लिहिलेली नावे जुळली, तरच कालची यादी पुसून आजची तिथे ठेवते. माझे तोंडही त्याने मोकळे केले.

पुढे बाईंनी काकांना सगळे खरे सांगून टाकले. काका रागावले नाहीत. मनगटाचे प्लास्टर सुटल्यावर त्यांनी संगणकासाठी एक कापडी कव्हर शिवून पाठवले. “नावं असतात त्यात माणसांची. धूळ बसू देऊ नका,” असा निरोपही दिला. ज्यांची टाके घालण्यात ख्याती होती, त्यांची ती शिलाई वाकडीतिकडी आहे. रोज सकाळी बाई कव्हर काढून घडी घालतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. जमले नसेल, तर जमले नाही म्हणा. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आला तरी चालेल. आणि तुम्हाला कोणी असे सांगितले, तर त्याचे तोंड बांधू नका.

परवा पुन्हा तार सैल झाली. मी लाल अक्षरांत लिहिले, ‘यादी अपुरी आहे.’ बाई दचकल्या. मग त्यांनी फोन उचलला.

“काका, मला आज थोडा उशीर होईल. पण मी येतेय. तोवर उपाशी राहू नका.”